पायांनी गाणारा दादूस

रॉक अँड रोल हा शब्द उरणात पहिल्यांदा कुणी उच्चारला, असं मला विचाराल तर मी छातीवर हात ठेवून सांगेन, की तो दादूसने उच्चारला आणि चुकीचा उच्चारला. तो 'राकणरोल' म्हणायचा. मी एकदा सुधारायला गेलो, तर म्हणाला, "तू बरोबर म्हन, मी बरोबर गातो. दोगांनी एकच काम कनाला कराचा?"

दादूस म्हणजे आगरी बोलीत थोरला भाऊ. तो माझा कुणी नव्हता. तो आगरी, मिठागरात वाढलेला. मी उरणातल्या नारळी-सुपारीच्या वाडीवाल्या घरातला, मुंबईत गोदीजवळच्या एका कचेरीत कारकून. पण त्याला सगळं गाव दादूसच म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागलो. मुंबईतल्या हॉटेलवाल्याने त्याला जे इंग्रजी नाव ठेवलं होतं, ते तर त्याला स्वतःलाही शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही.

आमची गाठ पडली ती उरणच्या मोरा बंदरातून मुंबईला भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचमध्ये. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, ते दिवस. मी फळीवर बसून मांडीवरच्या डब्यावर बोटांनी ठेका धरला होता. देवळातल्या भजनात तबल्याला बसायचो, त्यामुळे बोटांना चाळा होता. समोर एक उंच, काळासावळा माणूस उभा होता. अंगात पांढरा सदरा आणि डोळ्यांवर काळा चष्मा. तो माझ्या बोटांकडे बघत होता.

"काय वाजवतंस?"

"काही नाही, सहज."

"सहज नाय. इंजिनाच्या मागून वाजवतंस. त्याचा ठोका परला का मंग तुझा परतो. पुढं जा. इंजिनाला तुझ्या मागं येऊ दे."

मी हसलो. तो हसला नाही. माझ्या शेजारी बसला, पायाने फळीवर एक ठोका दिला आणि गाऊ लागला. इंग्रजी गाणं होतं. लाँचमध्ये कोळणी होत्या, भाजीवाले होते, गोदीतले कामगार होते. सगळे वळून बघू लागले. इंजिनाच्या धडधडीवर त्याचा आवाज असा चढला, की सुकाणूवरच्या तांडेलाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मी डब्यावर वाजवत राहिलो. आणि खरं सांगतो, थोड्या वेळाने मला असं वाटू लागलं की लाँच माझ्या बोटांवर चाललीय.

धक्क्याला उतरताना तो म्हणाला, "तू माझा बाजावाला."

हे विचारणं नव्हतं. दादूस कधी विचारायचा नाही, कळवायचा.

त्याची गाण्याशी ओळख गोदीतच झाली होती. उरणचं मीठ शिडाच्या पडावात भरून मुंबईला जायचं, आणि त्या पडावाबरोबर तो जायचा. एकदा शेजारच्या परदेशी जहाजावर कुणा खलाशाने ग्रामोफोन लावला होता. दादूस पडावाच्या काठावर उभा राहून ऐकत राहिला. मिठाची पोती उतरवून झाली, पडाव परत निघाला, तरी त्याचे पाय थांबेनात. घरी आला तेव्हा गाणं त्याला अख्खं पाठ होतं. त्यातल्या एका शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता, पण कुठे श्वास, कुठे किंकाळी, कुठे लाडीगोडी, सगळं जसंच्या तसं. मग तो इराण्याच्या हॉटेलात, रेडिओच्या दुकानापुढे, जिथे मिळेल तिथे उभं राहून गाणी उचलू लागला.

आवाज मात्र मिठागराने दिला होता. ज्यांनी मिठागर पाहिलं नाही त्यांना सांगतो, भरतीचं खारं पाणी बांध घालून उथळ चौकोनांत अडवायचं, उन्हात आटवायचं आणि खाली बसलेलं मीठ ओढून ढीग लावायचे. सगळीकडे सपाट, झाड नाही, आडोसा नाही. या बांधावरच्या माणसाला त्या बांधावरच्याला बोलवायचं तर वाऱ्याच्या वरताण हाक मारावी लागते. दादूस लहानपणापासून अशा हाका मारत आला होता. आणि तो काळा चष्माही मिठागराचाच. दुपारच्या उन्हात पांढऱ्या मिठाकडे बघून डोळे जातात, म्हणून त्याने तो चोरबाजारातून आणला होता. पुढे मुंबईत त्याची कीर्ती झाली, तेव्हा कॉलेजातली पोरं घरात, दिव्याखाली, असले काळे चष्मे लावून बसू लागली. दादूसला त्याचं फार नवल वाटायचं. "यांच्या घरान कवरा मीठ परलाय रं?" तो मला विचारायचा.

हॉटेलात आम्ही कसे शिरलो तेही सांगण्यासारखं आहे. फोर्टातल्या एका मोठ्या हॉटेलात वांद्र्याचे दोघे भाऊ गिटार वाजवायचे. त्यांचा गाणारा परदेशात निघून गेला होता. ही बातमी मी कचेरीत ऐकली आणि दादूसला सांगितली. दुसऱ्या दिवशी मला हाताला धरून तो पुढच्या दारानेच आत गेला. मॅनेजर सुटाबुटातला होता. त्याने आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हिंदीत विचारलं, "गाना आता है?"

दादूस म्हणाला, "आप को सुनना आता है?"

मला वाटलं, आता बाहेर काढतात. पण मॅनेजर खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "चलो, देखते हैं." दादूसने चपला काढल्या, लाकडी फरशीवर दोनदा पाय आपटून ती कशी बोलते ते पाहिलं, आणि सुरू झाला. गिटारवाल्या भावांनी पहिल्या कडव्यातच एकमेकांकडे पाहिलं. दुसऱ्या कडव्याला स्वयंपाकघरातले आचारी दारात येऊन उभे राहिले.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी आमचा कार्यक्रम: भाऊ गिटारींवर, मी हॉटेलच्या ड्रमवर, पुढे दादूस. दारूबंदीचे दिवस, पोरंपोरी कॉफी आणि थंड सरबतं पीत बसत आणि गाणं रंगलं की उठून नाचत. वर्षभरात अशी वेळ आली, की रविवारी हॉटेलच्या दाराशी रांग लागे. मॅनेजरने एकच अट घातली होती: दादूसने स्टेजवर बोलायचं नाही. फक्त गायचं. लोकांचा समज होता की तो कुठल्यातरी लांबच्या बेटावरून आलेला आहे, आणि तो समज मॅनेजरनेच पसरवला होता.

"खोटं नाय तसा," दादूस म्हणाला. "उरण बेटच हाय."

तो अनवाणीच गायचा. म्हणायचा, "गानं पायानं म्हनाचा. तोंड नुसता दार हाय." समोरच्या लोकांच्या चेहऱ्यांकडे तो कधी बघायचा नाही. टाळ्या पडत असल्या तरी टेबलांखाली बघायचा. एकदा हॉल भरून टाळ्या पडल्या आणि हा आत येऊन माझ्यावर चिडला. "पाय हालत नव्हते. तू झोपला व्हतास." आणि मी खरंच त्या दिवशी तापाने फणफणलो होतो.

एका दुपारी, हॉटेलच्या मागच्या खोलीत सुकटीची चटणी आणि भाकरी खाताना, त्याने मला आपल्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याचा अर्थ विचारला. मी मॅट्रिक होतो. जमेल तसा सांगितला. मुलगी सोडून गेली आहे, तिला परत ये म्हणतोय.

"मंग?"

"मग काही नाही. परत परत तेच म्हणतोय."

"गेली कनाला? काय झाला?"

"ते गाण्यात नाही."

त्याने घास खाली ठेवला. "एवराच? आनि मी एवरा बोंबलतो?" दोन दिवस तो माझ्याशी धड बोलला नाही, जणू ते गाणं मीच लिहिलं होतं. मग एका सकाळी लाँचमध्ये त्याने मला त्याच ठेक्यावर स्वतःचे शब्द ऐकवले:

"खारीचा पानी शेतान आला,
उन्हान बसला, पांढरा झाला,
उचल गो बाय, उचल गो बाय,
घामाचा मीठ उचल गो बाय!"

मी वेडा झालो. डब्यावर वाजवून वाजवून बोटं लाल केली. वांद्र्याच्या भावांनाही चाल पसंत पडली. पण मॅनेजर म्हणाला, हे या हॉटेलात चालणार नाही. दादूस त्याला हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. फक्त तालीम करत राहिला.

आता त्याच्या आईबद्दल सांगितलं पाहिजे. ती धवलारीण होती. आगरी लग्नात भटजी नंतर येतो, आधी धवलारीण लागते. ती धवले म्हणते, म्हणजे लग्नाची गाणी. हळदीपासून ते मांडवापर्यंत प्रत्येक विधीचं वेगळं गाणं, आणि ते म्हटल्याशिवाय विधी पुरा होत नाही. कुलदैवतांना, गावदेवीला, घरातल्या गेलेल्या माणसांना ती नाव घेऊन घेऊन लग्नाला बोलावते. दादूसची आई बारीक अंगाची, गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं, कपाळावर गोंदण. बोलताना आवाज इतका हलका, की कान पुढे करावा लागे. पण धवला लागला की मांडवाबाहेरची कुत्री गप्प बसत. आसपासच्या गावांत तिच्या तारखा बघून लग्नं ठरत.

मुलाच्या गाण्याबद्दल ती एक शब्द बोलत नसे. हे दादूसला जेवढं लागायचं, तेवढं दुसरं काही लागत नसे.

त्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं तेव्हा त्याने सगळा बाजा गावात आणला. वांद्र्याचे भाऊ गिटारी घेऊन आले, मांडववाल्याचे कर्णे लावले. हळद लागून बायका उठल्या, आणि दादूसने मिठाचं गाणं सुरू केलं. पहिलं कडवं संपायच्या आत अख्खा मांडव नाचत होता. म्हाताऱ्या नाचत होत्या, नवरीचा मामा नाचत होता, हळदीच्या ताटासकट करवली नाचत होती. एकटी त्याची आई खांबाला टेकून पान लावत बसली होती.

गाणं संपल्यावर तो घामाने निथळत तिच्यापुढे जाऊन बसला. "आये, कसा वाटला?"

तिने पान तोंडात घातलं. "मी धवला म्हनते तवा देव येतान. वारवडील येतान. तुझ्या गान्याला कोन येतं?"

मांडवात एवढी माणसं होती, पण दादूस त्यांच्याकडे बोट दाखवू शकला नाही. तो म्हणाला, "चल मुंबैला. दाखवतो."

"बगू," ती म्हणाली. लग्नसराई संपेपर्यंत तिला वेळ नव्हता.

इथे थोडं पुढचं सांगून टाकतो, म्हणजे मन मोकळं होईल. दादूस पुढे बरीच वर्षं गायला. हॉटेल सुटलं, पण किनारा सुटला नाही. उरण, पेण, अलिबाग, रेवदंडा, खाली श्रीवर्धनपर्यंत त्याचा बाजा गेला. दिघीच्या खाडीत एकदा तरीतून पलीकडे जाताना, तरीवाल्याने त्याला ओळखलं आणि मधोमध होडी थांबवून म्हणाला, एक म्हटल्याशिवाय पुढे नेत नाही. दादूस म्हणाला, "दोन म्हनतो, पन भिजवू नको." हरिहरेश्वराच्या बाजूला एका जत्रेत वीज गेली, कर्णे बंद पडले, गिटारी मुक्या झाल्या. त्याने तशीच हाक दिली, आणि शेवटच्या रांगेपर्यंत एकजण जागचा हलला नाही. मी त्याच्या मागे बसून वाजवत होतो, आणि आजही म्हणतो, की त्या तोलाचा गाणारा मी पुढे ऐकला नाही.

तो गेला त्याला आता बराच काळ लोटला. नातवंडं मला म्हणतात, तुमच्या दादूसची रेकॉर्ड ऐकवा की. रेकॉर्ड नाही. त्याची एकही तबकडी कधी निघाली नाही. लोक आपापले तर्क करतात. कुणी म्हणतं, इंग्रजी येत नव्हतं म्हणून. कुणी म्हणतं, जात आडवी आली. संधी एकदाच आली, आणि तेव्हा मी तिथे होतो. काय झालं ते असं.

लग्नसराई संपली आणि त्याची आई एका रविवारी लाँचमध्ये येऊन बसली. नेमका त्याच रविवारी एका रेकॉर्ड कंपनीचा साहेब दादूसला ऐकायला येणार होता. मॅनेजर आठवडाभर आम्हाला बजावत होता: फक्त इंग्रजी गाणी, आणि तोंडातून एक शब्द नाही.

हॉटेलच्या दारात मॅनेजरने म्हातारीला पाहिलं. तिचे अनवाणी पाय पाहिले. तो दादूसला बाजूला घेऊन म्हणाला, "इनको पीछे किचन में बिठाओ. आज के दिन नहीं."

दादूसने आवाज चढवला नाही. "ती किचनमध्ये बसली तर मी पन तिथंच गातो. साहेबाला तिथं बोलवा."

मॅनेजरने घड्याळाकडे पाहिलं, हॉलमधल्या गर्दीकडे पाहिलं आणि स्वतः पुढे होऊन म्हातारीसाठी पहिल्या टेबलाची खुर्ची ओढली. ती खुर्चीवर मांडी घालून बसली. वेटरने चहा आणला, तो तिने बशीत ओतून फुंकर मारत प्यायला. शेजारच्या टेबलावर फुलाफुलांच्या फ्रॉकमधल्या दोन पोरी होत्या. त्या आधी हसल्या, मग त्यांनीही आपली कॉफी बशीत ओतली.

तीन इंग्रजी गाणी झाली. साहेब मागे खांबाशी बसला होता आणि मान डोलावत होता. मग दादूस थांबला. मला वाटलं पाणी पितोय. त्याने काळा चष्मा काढून माझ्या ड्रमवर ठेवला. त्याचे डोळे मी स्टेजवर प्रथमच पाहिले. तो सरळ मराठीत बोलू लागला. आपलं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, गावाचं सांगितलं. "मी कुठल्या लांबच्या बेटाचा नाय. समोर दिसतंय तिथला हाय. ही माझी आयस. ती माझ्यापेक्षा मोठी गानारी हाय."

हॉलमध्ये कुजबुज झाली. मॅनेजर भिंतीशी पांढरा पडला. दादूसने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाय आपटला आणि मिठाचं गाणं सुरू केलं.

पहिली ओळ पडली ती शांततेत पडली. दुसरीला मागच्या कोपऱ्यातून शिट्टी आली. तो उरणकडचाच एक वेटर होता. आणि मग 'उचल गो बाय'ला सगळा हॉल उठला. शब्द कळत नव्हते त्यांच्यातले अर्धे 'उचल गो' म्हणून ओरडत होते. बशीवाल्या दोघी पोरी चपला काढून नाचल्या. माझी एक काठी मोडली; मी उरलेल्या काठीने आणि तळहाताने वाजवलं. गाणं तीनदा म्हणावं लागलं.

संपल्यावर साहेब स्वतः मागच्या खोलीत आला. वांद्र्याच्या थोरल्या भावाने त्याचं बोलणं आम्हाला समजावून सांगितलं. त्याला इंग्रजी गाणी नको होती. ती तर विलायतेहूनच येतात, म्हणाला. त्याला हे शेवटचं हवं होतं. उद्या सकाळीच या. स्टुडिओ मोकळा आहे, परवा मी कलकत्त्याला जातोय, तिथून कधी येईन सांगता येत नाही. मॅनेजरही तोपर्यंत हसू लागला होता. त्याने दादूसच्या पाठीवर थाप मारली आणि हे नवं गाणं म्हणजे आपलीच कल्पना, असं साहेबाला सांगू लागला.

मला तर जमिनीवर पाय ठरेनात. ओहोटीच्या आत मोऱ्याला पोहोचलो नाही तर लाँच गाळात बसते, म्हणून आम्ही लगबगीने धक्क्यावर आलो. लाँच सुटली. म्हातारी दोघांच्या मध्ये बसली होती. मुंबई मागे पडली तशी तिने सुपारी कातरायला घेतली. मला राहवलं नाही, म्हणालो, "काकी, बघितलंत ना? अख्खा हॉल उभा राहिला."

"बगितला," ती म्हणाली. मग मुलाकडे वळली. "उचल गो म्हनताना दम वर का खेचतंस?"

दादूस फळीवर पुढे सरकून बसला.

"मीठ उचलनारी बाय खाली वाकलेली असते. पाठ वाकवून, पाटी धरून. तिचा दम खाली असतो. तू तिला आधीच उभी करतंस. मंग ती उचलेल काय? दम खाली सोर. 'उ' जमिनीतशी यावा." आणि तिने म्हणून दाखवलं. फक्त तेवढाच शब्द, हलक्या आवाजात, हात पाटी धरल्यासारखे. हॉलमध्ये तीनदा वाजवलेलं गाणं मला जणू तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं.

दादूसने म्हणून पाहिलं.

"नाय," ती म्हणाली.

त्याने पुन्हा म्हटलं. "नाय." पुन्हा म्हटलं. लाँचमधली माणसं आधी हसत होती, मग तीही ऐकू लागली. ज्याच्यासाठी रविवारी रांग लागायची, तो माणूस फळीवरून उठून, वाकून, पाटी धरल्यासारखे हात करून एकच शब्द म्हणत होता, आणि पदरात सुपारी कातरत म्हातारी मान हलवत होती. एवढं खूश मी त्याला कधीच पाहिलं नव्हतं.

मोऱ्याला उतरलो तेव्हाही दोघांचं चालूच होतं. पुढे ती, तिच्या मागे तो, त्यांच्या मागे डोक्यावर ड्रम घेतलेला मी. फाट्याशी थांबून ती म्हणाली, "उद्या सकाली मिठागरान ये. बायका मीठ उचलतील तवा बग, मंग म्हन."

"येतो," दादूस म्हणाला.

मी घाईघाईने पुढे झालो. "अरे दादूस, उद्या सकाळी साहेबाकडे जायचंय! परवा तो चाललाय!"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं भलतंच काहीतरी बोलणाऱ्या लहान पोराकडे बघावं.

"त्याला काय देऊ?" तो म्हणाला. "गानं तयार नाय अजून."